जासूद

सूरच्या सरकारी इस्पितळामागं, नर्सेसच्या क्वार्टरमध्ये
शुक्रवारी सकाळी आम्ही तोच पिक्चर लावतो.
मेहुण्यानं दूरदर्शनवरून उतरवून दिलेला.
बटण दाबायला त्याला उशीर झाला, म्हणून सुरुवातीची नावं नाहीत,
आणि टेप आधीच संपली, म्हणून शेवटचीही.
मध्ये दोनदा साबणाची जाहिरात येते,
ती मॅरिसेलला पाठ आहे, शब्दही न कळता.

वेढा पडलाय. गडाची सदर.
किल्लेदाराची आई धान्याचा हिशेब घेत बसलीय,
कारकून सांगतोय, ती बोटांच्या पेरांवर मोजतेय.
जासूद येतो. मुजरा करतो. एवढंच म्हणतो,
"धनी पडले."

तिचा अंगठा तिसऱ्या पेरावर.
तिथंच राहतो.
मग ती विचारते, "घोडं कुठं बांधलंस?"
आणि थोड्या वेळानं,
"पाणी दाखवलंस का त्याला?"

लीलाम्मा पहिल्यांदा चिडली होती. रडत का नाही ही?
मी भाषांतर करायला तोंड उघडलं
तर मॅरिसेलनं हात वर केला, थांब म्हणून.

अकरा वर्षं मी या कॉरिडॉरमध्ये बातम्या देते.
बातमी कुणी ओरडून घेत नाही, निदान लगेच नाही.
एकानं विचारलं, गाडी चुकीच्या जागी लावलीय, चालेल का.
एकीनं नवऱ्याच्या चपला मागितल्या,
दोन्ही मिळाल्यावर तळवे उलटून पाहिले, परत ठेवल्या.
हे त्या बाईला कुठून कळलं?
कुठल्या इस्पितळाच्या बाकावर बसून शिकली ती,
की नुसतीच वाट बघत राहिली, कॅमेऱ्यासमोर,
आतून काही येईपर्यंत?
कारण पुढं ती कारकुनाला म्हणते, "हां, नाचणी किती म्हणालात?"
आणि अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर येतो.
सगळा हिशेब सुरुवातीपासून.

गेल्या मंगळवारी अयजाचा एक मच्छीमार आणला.
होडी खोराच्या तोंडाशी उलटली होती.
सुदानी डॉक्टर दुसऱ्या टेबलावर अडकलेले,
म्हणून बाहेर मीच गेले, माझ्या मोडक्या अरबीत.
बायको थर्मास घेऊन बसलेली. पदराआड झोपलेलं मूल.
ऐकलं तिनं. माझ्या बुटांकडं बघितलं.
मग फिंजानात कॉफी ओतली, अगदी काठापर्यंत,
जशी तिकडं कधी ओतत नाहीत,
आणि म्हणाली, "सिस्टर, तू कधीपासून उभी आहेस?"

मी म्हटलं, "आत्ताच आले."

या शुक्रवारी मी टेप मागं घेतली.
म्हातारीकडं बघितलंच नाही.
जासुदाकडं बघितलं.
काळा, खांदे उतरलेले, कुणी ओळखीचा नट नव्हे.
भुवयांवर धूळ. पागोट्याचा शेव हातात,
त्याचं काय करावं ते त्याला कळत नाहीये.
घोडं तर वाटेतच पडलंय त्याचं.
नदीच्या वाळूत ते कोसळताना आपण आधी पाहिलंय,
खोगीर तिथंच टाकून तो उरलेली वाट पळत आलाय.
म्हातारी विचारते, पाणी दाखवलंस का त्याला.
त्याचा कंठ एकदा वर जातो, खाली येतो.
"दाखवलं, आईसाहेब."

एवढंच काम त्या माणसाचं अख्ख्या पिक्चरमध्ये.
दोन वाक्यं. पहिलं खरं.

पुन्हा मागं घेतलं. पुन्हा.
लीलाम्मा ओरडली, टेप घासेल, तिथंच रेघ पडलीय आधीच,
म्हातारीच्या मागून एक पांढरी रेघ थरथरत वर जाते.
पडू दे, म्हटलं.
नाव शोधायला जावं तर कुठं?
तो शब्द उच्चारताना तो तिच्या डोळ्यांकडं बघत नाही,
मोजणाऱ्या अंगठ्याकडं बघतो,
आणि मग साबण येतो,
आणि मॅरिसेल, उशीत तोंड खुपसून,
साबणाचं गाणं म्हणायला लागते, अगदी हळू.